उबाल्दो पेर्तुसचं न अडखळणारं जाळं

उबाल्दो पेर्तुस पंखे दुरुस्त करायचा, आणि बारान्क्वियाच्या उकाड्यात पंखे दुरुस्त करणाऱ्याला मरण नाही. पाद्री एक वेळ उशिरा आला तरी चालतं, पंखेवाला मात्र त्याच दुपारी लागतो. दुकान म्हणजे घराच्या ओसरीवर टाकलेलं एक टेबल आणि त्याभोवती पाती काढलेल्या पंख्यांचा ढीग. माणूस सरळ, अंगाने भरलेला, मिशी ठेवावी की काढावी याचा निर्णय वर्षानुवर्षं न झालेला. दोष एकच. कुणी शाबासकी दिली की त्याला थांबता यायचं नाही. पंख्याचं कौतुक केलंत तर तो तुमचा मिक्सरही उघडून बसायचा, न बिघडलेला.

घर सासऱ्याचं होतं. हे गल्लीत कुणी बोलून दाखवत नसे, म्हणजे रोज कुणी ना कुणी दाखवत असे.

सासरा, अरिस्तार्को मोविया, एकेकाळचा नावाजलेला पिकोवाला. पिको म्हणजे माणसाहून उंच स्पीकरची पेटी, तोंडावर भडक रंगात चित्र, आणि आवाज असा की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून चालत पुढे यावीत. अरिस्तार्कोच्या पिकोचं नाव होतं 'आनंदी विधुर'. हे नाव त्याने बायको धडधाकट असताना ठेवलं, आणि तिने मरेपर्यंत त्यावरून त्याला सुखाने जेवू दिलं नाही.

पण पिकोवाल्याची खरी इभ्रत आवाजात नसते. आपल्याकडे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, अशा गाण्यात असते. बंदरावर उतरलेल्या खलाशाकडून आफ्रिकेतली तबकडी मिळवायची, घरी आणून तिच्या मधल्या कागदावरचं नाव ब्लेडने खरवडायचं, म्हणजे गाणारा कोण आणि गाणं कुठलं याचा कुणाला पत्ता लागायला नको. मग आपल्या मनाने तिला नाव द्यायचं. अरिस्तार्कोच्या तबकडीचं नाव 'लंगडी', कारण तिचा ताल मध्येच जरा मागे राहायचा, पाय ओढत पण ठसक्यात चालणाऱ्या बाईसारखा. त्याने तिला इतकं नीट खरवडलं होतं की ती कुणी गायली आहे हे आता त्यालाही ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदाच, कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी, तो ती लावायचा. लांबलांबच्या वस्त्यांतून लोक तेवढ्यासाठी यायचे. दोन गल्ल्या पलीकडच्या एर्मोहेनेस कांतियोच्या 'गडगड्या कोंबडा' या पिकोकडे दिवे होते, धूर सोडणारं यंत्र होतं, सगळं होतं. लंगडी नव्हती.

तबकड्यांच्या पेटीची किल्ली दोघांकडेच. एक अरिस्तार्को, दुसरा नेमेसिओ ओरोस्को. नेमेसिओने तरुणपणापासून 'आनंदी विधुर' स्वतःच्या पाठीवरून वाहिला होता. पुढे अरिस्तार्कोच्या लेकीचा, नुरिसचा, तो धर्मपिता झाला. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे', म्हणजे एकाच पोरीचे दोन बाप, म्हणत, आणि शिव्याही त्याच आदराने देत.

मग अरिस्तार्कोचे गुडघे गेले. पिको मागच्या अंगणात ताडपत्रीखाली जाऊन बसला, लंगडीच्या रविवारी तेवढा बाहेर निघायचा. उन्हाने तबकड्या पापडासारख्या वाकायला लागल्या. नुरिस उबाल्दोला म्हणाली, "पापांची गाणी कॉम्प्युटरमध्ये भरून टाक ना. ओसरीवर असोत, अंगणात असोत, खाटेवर असोत, बसल्या जागी ऐकतील."

उबाल्दोला एवढंच हवं होतं. लग्न झाल्यापासून या घरात त्याच्या नावावर एकही मोठी गोष्ट जमा नव्हती.

म्हाताऱ्याने सगळ्या तबकड्या दिल्या. लंगडी देताना मात्र हात आखडला.

"ही घराबाहेर जाणार नाही ना?"

"सासरेबुवा, हिचं नावच लंगडी. ही कुठे जातेय चालत?"

"थट्टा नकोय. शब्द दे."

"दिला. आईची शपथ. या चार भिंतींच्या बाहेर गेली तर मला तोंड दाखवू देऊ नका."

आता आमच्या वस्तीतली घरं कशी असतात, तर मगरीसारखी. तोंड रस्त्यावर, शेपूट अंगणात, आणि मध्ये खोलीमागे खोली. वायफायचा राउटर तोंडाशी, म्हातारा आणि त्याचा छोटा स्पीकर शेपटीशी. दुसऱ्या भिंतीपर्यंत गाणं धावत यायचं, तिसरीशी गुडघे टेकायचं. अरिस्तार्को झुलत्या खुर्चीत डोळे मिटून बसलेला असायचा आणि ऐन रंगात आवाज तुटायचा.

"अरे, याला उचकी लागलीय. पाणी पाज कुणीतरी!"

"येतंय, येतंय, सासरेबुवा."

"येतंय कसलं? ती नुसती लंगडी होती रे, तू पार पांगळी केलीस!"

उबाल्दोने हे मनाला लावून घेतलं. दुपारच्या दुपार तो मोबाइलवर माहिती बघायचा आणि गिऱ्हाइकांचे पंखे तसेच पडायचे. राउटर त्याने कपाटाच्या डोक्यावरून काढून उंच भिंतीवर ठोकला. छताखालून केबल ओढली, कोळिष्टकं अंगावर घेत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वायफायची दुसरी छोटी पेटी बसवली, अंगणासाठी. म्हातारा खालून शिडी धरल्याचं नाटक करत सूचना द्यायचा. जुना लॅपटॉप गाण्यांसाठी कायमचा चालू ठेवला आणि तो तापू नये म्हणून त्याच्यावर एक पंखा सोडला. इथे मात्र त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि एके दिवशी गाणं ओसरीपासून अंगणापर्यंत सरळ चालत गेलं. एकदाही अडखळलं नाही. अरिस्तार्कोने खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. पुढच्या रविवारी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरीने नवरा बरा निवडलाय. कळायला मला जरा वेळ लागला, एवढंच." नुरिसने तोंड फिरवून डोळे पुसले. उबाल्दोने त्या आनंदात तिसऱ्यांदा भात घेतला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आमच्या गल्लीत एका घरासाठी इंटरनेट कुणी घेत नाही. भिंतीला भिंत लागलेली दोन घरं मिळून एक घेतात. उबाल्दोचा भागीदार म्हणजे शेजारची ओस्माइरा. हाडाची प्रेमळ, तोंडाची मोठी आणि मालिकांची वेडी. तिच्या टीव्हीला पासवर्ड उबाल्दोनेच घालून दिला होता. एवढंच नाही, नवं जाळं विणताना त्याने राउटर ठोकला तोही तिच्याच बाजूच्या भिंतीवर, म्हणजे तिच्या नायिका रडता रडता मध्येच गोठायला नकोत. ती "देव तुझं भलं करो" म्हणाली, आणि शाबासकी मिळाल्यावर उबाल्दोचं काय होतं ते वर आलंच आहे.

लॅपटॉपने गाणी भरताना त्याला विचारलं होतं: घरातल्या सगळ्या यंत्रांना ही खुली ठेवायची का? म्हाताऱ्याला पासवर्डची कटकट नको, म्हणून उबाल्दोने 'हो' म्हटलं. घरातल्या म्हणजे आपल्याच. त्यात विचार कसला करायचा? पण राउटरला भिंत कळत नाही. ज्याला पासवर्ड दिला तो घरचा.

कार्निव्हल जवळ आला. वाऱ्याचे दिवस होते, पताका तुटून तारांवर लटकत होत्या. एका रविवारी जेवण झाल्यावर अरिस्तार्को ओसरीवर डुलकी घेत होता आणि उबाल्दो टेबलावर एक मोटर उघडून बसला होता. दोन गल्ल्या पलीकडे 'गडगड्या कोंबडा' आरवायला लागला. आधी नेहमीची गाणी. मग क्षणभर शांतता. मग तो ताल, मध्येच मागे राहणारा.

झुलती खुर्ची थांबली.

उबाल्दोला वाटलं, आपलंच आत लागलं असेल. आत बघून आला. लॅपटॉप गप्प होता.

लांबून लोकांचा आरडाओरडा ऐकू आला. दुसऱ्या कडव्याला 'टक्' असा आवाज झाला. कधीतरी दारूच्या तारेत अरिस्तार्कोच्याच हातून सुई पडून तबकडीला ओरखडा गेला होता, त्याची ती 'टक्'. जगात त्या गाण्याच्या आणखी तबकड्या असतीलही. ती 'टक्' एकाच तबकडीवर होती.

"माझी आहे," म्हातारा म्हणाला. एवढंच.

त्या वर्षी त्याने लंगडी लावली नाही. लावून उपयोग काय? पोरंटोरंसुद्धा ती शिट्टीवर वाजवत होती.

उबाल्दोला कळलं ते सकाळी कपडे वाळत घालताना. ओस्माइरा भिंतीपलीकडून आनंदाने म्हणाली, "अरे उबाल्दो, तुझे हात सोन्याचे रे बाबा! तुझ्या सासऱ्यांची सगळी गाणी आमच्या टीव्हीवर येतात. काय ती जुनी प्रेमाची गाणी! मी तर भांडी घासताना रोज लावते. आमचा फावेर आला की तो त्याची ती धांगडधिंग्याची लावतो. परवा तर फोनमध्ये उतरवून घेत बसला होता."

फावेर म्हणजे तिचा भाऊ. तो एर्मोहेनेसकडे पेट्या उचलायचा.

उबाल्दोच्या हातात ओली चादर होती. तिचं पाणी चपलेवर गळत राहिलं.

"काय झालं रे? बरं वाटत नाही का?"

"नाही, नाही. ऊन आहे."

तो आत गेला आणि पहिलं काम काय केलं? लॅपटॉपवर जाऊन गाण्यांचं दार बंद केलं. आता फक्त त्यांच्याच स्पीकरवर वाजतील अशी सोय केली. जे तेव्हा करायला हवं होतं, ते बोटांच्या चार हालचालींत झालं. माफी मागायला तो नंतर जाणारच होता. आधी जरा मनाची तयारी, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्याच संध्याकाळी अरिस्तार्कोने नेमेसिओला बोलावून घेतलं. उबाल्दो स्वयंपाकघरात होता. खिडकीतून अंगण दिसत होतं, आणि त्याने स्वतः बसवलेली पेटी खिडकीत हिरवा दिवा लुकलुकवत होती.

"किल्ली ठेव," अरिस्तार्को म्हणाला.

"कसली किल्ली, कोंपाद्रे?"

"मला कोंपाद्रे म्हणू नकोस. किती मिळाले कोंबड्याकडून?"

नेमेसिओ आधी हसला. थट्टा आहे असं वाटलं बिचाऱ्याला. "तुला ऊन लागलंय. लिंबूपाणी घे."

"तबकडी पुन्हा पेटीत कुलपाआड आहे, किल्ली तुझ्याकडे आणि माझ्याकडे. मी तर गुडघ्यांनी बांधलेला. मग ती नाचत गेली का तिकडे?"

"अरिस्तार्को, मी तुझा पिको पाठीवरून वाहिला आहे. माझं पोर आजारी होतं तेव्हासुद्धा आधी तुझी पेटी पावसातून आत आणली होती."

"म्हणूनच लाज वाटते. परक्याने केलं असतं तर मी शिवी देऊन झोपलो असतो."

नेमेसिओने खिडकीकडे पाहिलं. आत कुणी असेल, कुणीतरी मध्ये पडेल, अशा आशेने पाहिलं असावं. उबाल्दो वाकून फ्रिज उघडून त्यात काहीतरी शोधायला लागला. गार हवा तोंडावर येत राहिली. फ्रिजचं दार लावलं तेव्हा अंगणात एकटा अरिस्तार्को होता आणि टेबलावर किल्ली.

तिथून पुढचे दिवस उबाल्दोचे कसे गेले ते त्याचं त्यालाच माहीत. वाईट म्हणजे, म्हातारा आता त्याच्यावर जास्तच जीव टाकायला लागला. "या घरात भरवशाचा तू एकटा राहिलास," असं येता-जाता म्हणायचा, आणि उबाल्दो अर्ध्या ताटावरून उठायचा. नुरिस विचारायची, "पोट बिघडलंय का?" तो हो म्हणायचा. मग ती त्याला ओव्याचं पाणी द्यायची, आणि तेही प्यावं लागायचं.

गल्लीने तर निकाल लावूनच टाकला होता. कोपऱ्यावर डॉमिनोच्या टेबलाशी नेमेसिओ आला की कुणीतरी कोंबड्यासारखं आरवायचं. एकदा उबाल्दो तिथेच उभा होता. सगळे हसले. तोही हसला. हसू आपोआप आलं, आणि आल्यावर परत घेता येईना.

मग एका सकाळी एदिल्सा, नेमेसिओची बायको, डोक्यावर पंखा घेऊन आली.

"त्यांनी स्वतः आणला असता," ती म्हणाली, "पण ते बाहेर पडत नाहीत रे आता. या उकाड्यात पंख्याशिवाय भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी म्हटलं, मीच जाते. तुझ्याशी काही भांडण नाही आमचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू तरी बोल ना अरिस्तार्कोशी. तुझं ऐकतात म्हणे ते हल्ली."

पंख्यात फारसं काही नव्हतं. उबाल्दोने तो तिच्यासमोरच करून दिला. ती दुखण्यातून उठल्यासारखी "थँक्यू, बाळा" म्हणाली आणि गेली. अर्धवट मिशीच्या थोराड माणसाला कुणी बाळा म्हटलं की त्याने काय करावं? उबाल्दो हातातला स्क्रूड्रायव्हर न ठेवताच आत गेला.

"सासरेबुवा, नेमेसिओने काही केलेलं नाही. मी केलं."

अरिस्तार्कोने डोळे उघडले. "काय केलंस?"

"लंगडी माझ्यामुळे गेली. मी जे जाळं टाकलं ना, त्यातून."

त्याने सगळं सांगितलं. राउटर, ओस्माइरा, फावेर. म्हातारा ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला. उबाल्दोला वाटलं, चला, माफ केलं.

"तू देवमाणूस आहेस," अरिस्तार्को म्हणाला.

"काय?"

"त्या एदिल्साने रडून दाखवलं ना? पाहिलं मी तिला येताना. तुला दया आली, आणि तू नेमेसिओचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोयस. नुरिस! ये इकडे, बघ तुझा नवरा!"

"अहो, नाही! खरंच मी..."

"वायर कुठे गेली ते मी पाहिलंय रे. शिडी कुणी धरली होती? ओसरी ते अंगण. ओस्माइराकडे भोकसुद्धा पाडलेलं नाहीस. मी म्हातारा आहे, गाढव नाही."

नुरिस दारात उभी राहून नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. इथे थांबलं असतं तर सगळं मिटलं होतं. बोलून झालं होतं, मन हलकं झालं होतं, वर देवमाणूस ठरला होता. उबाल्दोच्या मनात ते येऊन गेलं. आपण ते देवमाणूसपण क्षणभर ठेवून घेतलं, याची लाज त्याला पुढे सगळ्यात जास्त छळत राहिली.

"उठा," तो म्हणाला. "ओस्माइराकडे चला."

आधी त्याने लॅपटॉपशी जाऊन बंद केलेलं दार पुन्हा उघडलं, पहिल्यासारखं, सगळ्यांना. मग म्हाताऱ्याला खांद्याचा आधार देऊन नेलं. दाराबाहेर पडून शेजारच्या दारात जायचं, पण त्या गुडघ्यांना ते बंदराएवढं लांब होतं. ओसऱ्यांवरचे लोक पाहायला लागले. ओस्माइराने खुर्ची पुसून दिली, "काय भाग्य आमचं!" म्हणत लिंबूपाणी करायला धावली. उबाल्दोने तिचा रिमोट घेतला. टीव्हीवर गाण्यांची यादी आली. वर नाव झळकत होतं, त्यानेच हौसेने दिलेलं: 'पापांची गाणी'.

लंगडी लागली. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ, न तुटता, न अडखळता. दुसऱ्या कडव्याला 'टक्' आली. अरिस्तार्को शेवटचा सूर विरेपर्यंत हलला नाही.

"छान येतंय इथे," तो म्हणाला. "आपल्याकडच्यापेक्षा छान."

"राउटर या भिंतीवर आहे," उबाल्दो म्हणाला, कारण ते खरं होतं.

ओस्माइरा ट्रे घेऊन दारात थांबली होती. तिला हळूहळू कळत गेलं आणि तिने ट्रे तसाच खाली ठेवला. "मला काय ठाऊक रे? मला वाटलं, शेजाऱ्यांसाठी मुद्दाम ठेवलंय. तू कसा आहेस ते माहीतच आहे ना, सगळ्यांचं करणारा."

अरिस्तार्कोने जावयाकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहत म्हणाला, "मला नेमेसिओकडे ने. मी तोंड उघडणार नाही. तू बोलायचंस."

नेमेसिओ घराच्या पुढच्या खोलीत बसला होता. एदिल्सा दाराशी तुरीच्या शेंगा सोलत होती, कार्निव्हलच्या रश्शासाठी. तिने एक खुर्ची पुढे केली, अरिस्तार्कोसाठी. उबाल्दो उभाच राहिला आणि त्याने पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. पहिल्यांदा गाणं गेल्याचं सांगायचं होतं. इथे माणूस समोर होता.

नेमेसिओने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "तुला कधी कळलं?"

'आजच कळलं' असंही उत्तर देता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं.

"तुम्ही अंगणात आलात त्याच दिवशी. सकाळी."

"म्हणजे मी आलो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"घरात होतास?"

"स्वयंपाकघरात."

"मला वाटलंच कुणीतरी आहे," नेमेसिओ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्याने मान वळवली, अरिस्तार्कोकडे, आणि बराच वेळ पाहून म्हणाला, "आणि तू. इतकी वर्षं माझी पाठ पाहिलीस, आणि तुला वाटलं, मी?"

अरिस्तार्को तोंड उघडणार नव्हता, पण उघडलं. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "माझंच. गाणं गेलं आणि माझी अक्कलही गेली."

"गाणं कोंबड्याने कसं वाजवलं ऐकलंस का?"

"ऐकलं. जोर नाही त्यात. वरचा आवाज नुसता फाटतो."

"मी म्हणतच होतो. पेट्या वाईट आहेत त्यांच्या."

मग दोघं पेट्यांविषयी बोलायला लागले, थांबत थांबत, जखमेला हात न लावता तिच्या आजूबाजूने जावं तसे. माफ झालं की नाही, कुणी म्हटलं नाही. उबाल्दो दारातच उभा होता. त्याला बस म्हणायला कुणाला सुचलं नाही, आणि जायला त्याला जमेना, कारण म्हाताऱ्याला परत न्यायचं होतं. त्याने एकदा बोलायला तोंड उघडलं. दोघांनीही वर पाहिलं नाही.

एदिल्साने शेंगेतला एक दाणा बोटांनी टिपला, उजेडाकडे धरून किडका आहे का ते पाहायला गेली, आणि तिला दिसेना.

"उबाल्दो," ती म्हणाली, "जरा दारातून बाजूला हो. अंधार पडतोय तुझा."

तो बाजूला झाला, भिंतीला पाठ लावून, आणि त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत राहिला.